जाळीबाहेरची कुंडी

हिरावाडी, नाशिक
६ जानेवारी

श्री. दिनेश यांस,

आपल्या शेताशेजारच्या गोरक्षच्या टेम्पोतून तुमचा स्वेटर पाठवते आहे. त्यात काही अर्थ शोधू नका. आज पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर आहे आणि तुम्ही घर सोडून गेलात ते हाफ शर्टावर. पिशवीत एक टॉवेल आणि दाढीचा ब्रश. ब्लेड इथेच. सदुसष्ट वर्षांचा माणूस कबुतराच्या दोन अंड्यांवरून बायकोशी भांडतो आणि शेतातल्या घरात जाऊन एकटा राहतो, हे मी कोणाला सांगू? निकिताचा बंगलोरहून फोन आला तेव्हा "बाबा द्राक्षं बघायला गेलेत" असं सांगितलं. तुमच्यामुळे मला पोटच्या मुलीशी खोटं बोलावं लागतं.

तुमचा फोन बंद आहे. चालू असता तरी मी केला नसता. जिन्यात उभं राहून, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, जो माणूस मला "खुनी" म्हणाला त्याला मी आधी फोन करणार नाही. पत्राची गोष्ट वेगळी. पत्रात मला मध्ये कोणी तोडत नाही.

सकाळी गोरक्ष मार्केटात मेथी टाकून परतताना आपल्या गेटवर थांबला. "काकू, काकांनी चिठ्ठी देली." मला वाटलं, माफी असेल. वॉचमनसमोर उघडली नाही, वर घेऊन आले, चष्मा लावला. आत एकच ओळ: "घुबड मान किती फिरवतं?"

छत्तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सकाळच्या चहाला तुम्हाला शिकवलं ते वेगळं. ओझरच्या कारखान्यात विमानांचे भाग जोडणाऱ्या माणसाला गोगलगाईच्या दातांशी काय करायचं होतं, ते मला कधीच कळलं नाही, पण उत्तर दिलं नाही असा एक दिवस गेला नाही. तेव्हा हेही घ्या. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत. म्हणून त्याला मान वळवावी लागते, आणि ती ते जवळजवळ पाठीमागून फिरवून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेतो. माणसाचे डोळे हलतात, मानही हलते. तरी काही माणसं बाल्कनीचं दार उघडून समोर जेवढं दिसतं तेवढंच बघतात, डावीकडे बघत नाहीत, आणि आरडाओरडा सुरू करतात.

सुवर्णा


नाशिक
१० जानेवारी

श्री. दिनेश यांस,

स्वेटर मिळाल्याचं कळवायची पद्धत असते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला आभाराचं पत्र लिहिल्याशिवाय खाऊचा डबा उघडू द्यायच्या नाहीत. तुमच्या शाळेत ते नव्हतं हे दिसतंच आहे.

गोरक्षला विचारलं, काकांचा खोकला कसा आहे. म्हणाला, "खोकला? नाय बा, म्या तर आयकला नाय. मळ्यात हिंडू राह्यले दिवसभर." मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच.

आता ऐका. डॉक्टरांनी तुमचा एक्स-रे खिडकीकडे धरून मला जे सांगितलं, ते तुम्ही बाहेर कंपाउंडरशी क्रिकेट बोलत होतात म्हणून ऐकलं नाही. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाते, सूज येते आणि पुढे ती उतरत नाही. मी तुम्हाला हे तीन वेळा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "कबुतरं माझ्याकडे विश्वासाने येतात." मग मी जाळीवाल्याला बोलावलं. बोलावणारच होते. तुमच्या फुप्फुसाचा विश्वास कोणी सांभाळायचा?

शेकोटीच्या धुराजवळ बसू नका. द्राक्षाच्या बागेत थंडीसाठी धूर करतात तो द्राक्षांसाठी असतो.

आजचा प्रश्न: "शेजारच्या मळ्यातला कुत्रा एरवी सगळ्यांवर भुंकतो. दोन दिवस गप्प आहे. खाटेखालून निघत नाही. कुत्र्याला थंडी वाजते का?"

वाजते. त्याला एखादं पोतं घाला. आणि कोणी एकाएकी गप्प झालं तर तुम्हाला त्याचं कारण शोधावंसं वाटतं, हे वाचून मला बरं वाटलं. फक्त ती सवलत कुत्र्यापुरतीच आहे.

सुवर्णा


नाशिक
१४ जानेवारी

श्री. दिनेश यांस,

तिळाच्या वड्या पाठवते आहे. त्यासोबत जे वाक्य म्हणायचं असतं ते मी म्हणणार नाही, ज्याने त्याने आपलं आपण बघावं. अर्ध्या गोरक्षच्या आईला, कुसाबाईंना द्या. त्या तुम्हाला भाकरी देतात असं कळलं. सगळ्या एकट्याने खाऊ नका, साखर वाढते.

इथे शांतता आहे. जाळी लागल्यापासून सकाळची ती फडफड नाही, कठड्यावर घाण नाही. मी रोज दार उघडून मोकळ्या हवेत चहा घेते. डावीकडे एसीच्या स्टँडकडे बघायचं असतं म्हणून तिथे बसते. नाही, उगाच बसते. ऊन छान येतं.

तुमचा प्रश्न: "संध्याकाळी उसाच्या बाजूने कोणीतरी करवतीने लाकूड कापतं. घर्र-घर्र, थांबतं, परत घर्र-घर्र. गोरक्ष म्हणतो तिकडे कोणी राहत नाही. कोणतं जनावर लाकूड कापतं?"

माणूस. ऊसतोड चालू आहे, टोळीने तिकडे चूल मांडली असेल आणि तिला सरपण लागत असेल. प्रत्येक आवाजामागे जनावर नसतं.

तुम्ही तब्येतीबद्दल एक ओळ लिहिलीत तर कागद संपणार नाही.

सुवर्णा


नाशिक
१७ जानेवारी, सकाळ

दिनेश,

हे पत्र तुम्हाला वेळेवर मिळणार नाही हे मला माहीत आहे. गोरक्ष चिठ्ठी वॉचमनकडे देऊन गेला आणि मी ती वर येऊन वाचेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहिते आहे.

तुमची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. "काल बांधाजवळ उसाच्या पाचटात रानमांजराची दोन पिल्लं सापडली. आई सोडून गेलेली दिसते. घरी आणली, ओट्यावर द्राक्षाच्या क्रेटमध्ये पोतं घालून ठेवलीत. कुसाबाईंच्या शेळीचं दूध ड्रॉपरने पितात. मांजराचे पंजे एवढे मोठे असतात का? कान गोल, शेपूट जाड, डोळे निळे, अंगभर काळे ठिपके. मोठ्याचं नाव ठेवलं आहे कॅप्टन."

ती मांजरं नाहीत. बिबट्याची पिल्लं आहेत.

तुमच्या शेजारचा कुत्रा थंडीने खाटेखाली बसला नव्हता. आणि लाकूड कोणी कापत नव्हतं. बिबट्याची मादी अशीच ओरडते, करवत चालवल्यासारखी. हे मी मुलींना वर्गात आवाज काढून दाखवायचे, सगळा वर्ग हसायचा. तीन चिठ्ठ्या मी ओळीने मांडल्या तेव्हा कुठे मला दिसलं. तुम्हीही प्रश्न असे सुटे सुटे पाठवता! कुत्रा एका दिवशी, करवत दुसऱ्या दिवशी, पंजे तिसऱ्या. एका कागदावर लिहायला काय झालं होतं?

आई पिल्लांना सोडून गेली नव्हती, दिनेश. खायला आणायला गेली होती. परत आली असेल तेव्हा जागा रिकामी होती. आता ती वास घेत फिरते आहे आणि तो वास तुमच्या ओट्याकडे येतो.

तुमचा फोन बंद. मी लावला. हो, मी आधी लावला, नोंद करून ठेवा. पाच-सहा वेळा लावला. गोरक्ष उचलत नाही, टेम्पो चालवत असेल. वन खात्याचा नंबर लागला. तिथल्या माणसाने नाव, गाव, गट नंबर विचारला. मी म्हटलं गट नंबर मला माहीत नाही, ज्या घरात एक मूर्ख माणूस बिबट्यांना दूध पाजतो आहे ते घर कोणीही दाखवेल. तो म्हणाला, "मॅडम, शांत व्हा." मी शांतच होते. माणसं निघालीत म्हणाला, पण तिथे पोचायला वेळ लागेल.

कुसाबाईंचा फोन वाजतो आहे, उचलत नाहीत. शेळीच्या मागे असतील.

तोवर हे लिहिते, म्हणजे माझ्या तरी डोक्यात पक्कं राहील. खाली बसू नका. वाकू नका. उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो, आणि तुम्ही त्या क्रेटपुढे उकिडवेच बसला असणार, मला तुमची बसायची तऱ्हा माहीत आहे. गुडघा धरून, जीभ बाहेर काढून, रेडिओ दुरुस्त करताना बसायचात तसे. उभे राहा. क्रेट ओट्यावरच राहू द्या, घरात ओढू नका. घरात जा आणि दार लावा.

दिनेश, दार लावा.

कुसाबाई फोन करताहेत


नाशिक
१८ जानेवारी

दिनेश,

काल कुसाबाईंच्या फोनवर मी तुम्हाला एवढंच म्हणाले, "दार लावा" आणि ठेवला. त्याला बोलणं म्हणत नाहीत, तेव्हा आपल्यात अजून बोलणं झालेलं नाही. तुम्ही पलीकडून "सुवा, अगं ऐक तर" म्हणालात तेही धरत नाही. मला पुढे ऐकता आलं नसतं. त्याच्या आधी मी कुसाबाईंना विचारलं होतं, "हे कुठे आहेत?" आणि त्या आरामात म्हणाल्या होत्या, "हायेत की वट्यावर. मांजरं पाजू राह्यले." मी स्टुलावर बसले ती तुमचा आवाज येईपर्यंत उठले नाही.

आज गोरक्ष गेटवर थांबला तेव्हा मी खालीच उभी होते. त्याने सगळं सांगितलं. ओट्याच्या पायरीशी ओल्या मातीत तिच्या पंजांचे ठसे होते, पायरीपर्यंत आलेले आणि परत गेलेले. म्हणजे परवा रात्री तुम्ही आत घोरत होतात आणि ती दाराबाहेर होती. "काकू, तुमी फोन नस्ता केला ना..." असं म्हणून तो थांबला. मी म्हटलं, पुरे. मला ते वाक्य पूर्ण ऐकायचं नाही.

तुम्ही गोरक्षकडे झोपता हे ठीक. तिथेच राहा.

वन खात्याच्या लोकांनी पिल्लं तपासून क्रेटसकट जिथे सापडली तिथे बांधावर नेऊन ठेवली आणि ती आली नाही. तुम्ही लिहिलंत, "माझा हात लागला म्हणून ती पिल्लांना घेत नाही. मी दोन जीव मारले." अक्षर वाकडं होतं. तुम्ही रडत लिहिलं असेल तर ते मला कळवू नका.

लहानपणी आपल्या सगळ्यांना सांगितलेलं असतं की चिमणीच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून टाकतात, घरट्यात घेत नाहीत. मीही वर्गात दरवर्षी हा प्रश्न ऐकला. हे खरं नाही. पिल्लं उचलायला घाबरावं म्हणून मोठ्यांनी सांगितलेली ती एक सोय आहे. आईला पिल्लाचा स्वतःचा वास कळतो, त्याची हाक कळते. वर माणसाचा वास बसला तर ती चाटून काढते. निफाड-सिन्नरच्या उसात दर हंगामाला अशी पिल्लं सापडतात, परत ठेवतात, आणि आया येऊन नेतात.

ती आली नाही याचं कारण तुमचा हात नाही. गोरक्षने मला व्हिडिओ दाखवला. अर्धं गाव बांधावर उभं होतं, मोबाइल वर धरून. कोणीतरी गाणं लावलं होतं! एवढ्या लोकांसमोर मी तरी कोणाला न्यायला आले असते का?

आज कोणालाही तिकडे जाऊ देऊ नका. तुम्हीही जाऊ नका. "नुसतं लांबून बघतो" हेही नको. तिला तुमच्या पश्चात्तापाचा काही उपयोग नाही. तिला रिकामा बांध हवा आहे.

मी आज वाट बघते आहे. तिची.

सुवर्णा


नाशिक
२० जानेवारी

अहो,

काल सकाळी मी दूध आणायलासुद्धा गेले नाही, गेटवर उभी राहिले. टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हाच गोरक्ष हॉर्न वाजवत होता. सगळी सोसायटी जागी केली. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काकू, नेली! दोन्ही नेली!" पाटलीणबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या, कोणाची लग्नं ठरली? मी म्हटलं, बिबट्याच्या पोरांची. आणि मग मी त्या टेम्पोच्या दाराला धरून, मेथीच्या रिकाम्या पोत्यांजवळ, जे काही केलं ते गोरक्षने तुम्हाला सांगितलं असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पोत्यांची धूळ होती.

वन खात्याच्या कॅमेऱ्यातला फोटो त्याने मला दाखवला. तिने कॅप्टनला मानेला धरून उचललंय आणि तो चारही पाय सोडून लोंबतोय, जसा काही त्याला कधी कोणी पळवलंच नव्हतं. फोटो मी माझ्या मोबाइलवर मागून घेतला. कितीदा बघितला ते विचारू नका.

आता तुमची आजची चिठ्ठी. पहिल्यांदाच वर "सौ. सुवर्णास" लिहिलंत. प्रश्न असा: "तिने मला माफ केलं असेल का?"

त्याआधी मला एक सांगायचं आहे.

घुबडाची मान किती फिरते, मुंगी झोपते का, गोगलगाईला दात किती, हे सगळं तुम्ही मला आयुष्यभर विचारलंत. त्या दिवशी फिरून आलात, बाल्कनीत जाळी बघितलीत, कबुतरीने अंडी घातलेली कोपऱ्यातली तुळशीची जुनी कुंडी जागेवर नाही हे बघितलंत, आणि मला काय म्हणायचं ते म्हणालात. "सुवर्णा, अंडी कुठे आहेत?" एवढं विचारलं नाहीत. ज्या बाईने पेन्शनीतून जाळी बसवली ती तुमच्या देखत घातलेली अंडी खिडकीतून फेकेल असं तुम्हाला वाटलं. मी म्हटलं, वाटतं ना, वाटू दे. मी का सांगू?

आता सांगते. जाळीवाला म्हणाला, "बाई, काढून टाकतो, दोनच तर आहेत." मी त्याला चहा देऊन थांबवलं. कुंडी मी माझ्या हाताने उचलली, जराही न हलवता, आणि डावीकडे एसीच्या स्टँडवर ठेवली, जिथे खालून छज्जा आहे आणि वरून सावली. मग त्याला सांगितलं, जाळी इकडून घे, कुंडीच्या अलीकडून. तो म्हणाला असं वाकडं बसवलं तर चांगलं दिसणार नाही. मी म्हटलं, दिसू दे वाकडं. अजूनही वाकडंच दिसतं. कबुतरी तासभर पॅरापेटवर बसून माझ्याकडे बघत राहिली, मग आली, कुंडीभोवती फिरली आणि बसली. तुम्ही तोवर निफाडच्या एसटीत होतात.

काल दुपारी अंडी फुटली. दोन पिल्लं, पिवळट केसांची, अतिशय कुरूप. तुम्हाला आवडतील.

पण नीट वाचा. ही उडाली की कुंडी आत येणार आणि त्या कोपऱ्यालाही जाळी लागणार. तुम्ही दाणे टाकणार नाही. बघायचं असेल तर काचेआडून बघायचं. इथून गेल्यावर तुमचा खोकला थांबला हे गोरक्ष, त्याची आई आणि त्यांची शेळी सगळे सांगताहेत, तेव्हा माझं बरोबर होतं यावर आता चर्चा नको. डॉक्टरांकडे परत दाखवायचं आहे, ते मी ठरवलं आहे.

आता तुमचा प्रश्न. जनावरं माफ करत नाहीत. रागही धरून ठेवत नाहीत. तिला तुमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला तिचं हवं होतं. ती बांध रिकामा व्हायची वाट बघते, येते, हुंगते, मानेला धरते आणि घरी घेऊन जाते. मध्ये एक शब्द बोलत नाही.

मी रविवारी गोरक्षच्या टेम्पोतून तिकडे येते आहे. कुसाबाईंना सांगा, भाकरी माझीही टाका. स्वेटर अंगात हवा. पिशवी भरून ओट्यावर उभे राहा, आणि कृपा करून उकिडवे बसू नका.

सुवा